तिसरा भाग कुणाकडं हाय?

बारामती,
रविवार

प्रिय तात्या,

आज सकाळी मी तुमचं एक पुस्तक ब्लेडनं कापलं. चांगलं लाल रेक्झिनचं, सोनेरी अक्षरांचं पुस्तक. तुमचे जावई चहाचा कप हातात धरून बघतच राहिले. "नंदा, बरं वाटतंय ना तुला?" असं त्यांनी दोनदा विचारलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्यानंही हेच विचारलं असतं. म्हणून म्हटलं, ज्याला काही समजावून सांगावं लागणार नाही अशा माणसालाच लिहू. तुम्हाला जाऊन अडीच वर्षं झाली. एवढ्या दिवसांत मी पत्र लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं. आज आहे.

तुम्हाला आमचं ते पहिलं भांडण आठवतं का? मी पाचवीत, दादा आठवीत. तुम्ही बारामतीच्या रद्दीवाल्याकडून एक जाडजूड कादंबरी आणली होती. पुठ्ठा नव्हता, पहिली दोन पानं नव्हती, त्यामुळे नाव काय, लिहिली कुणी, कशाचा पत्ता नाही. जंगलातल्या दवाखान्यात बदली झालेला एक डॉक्टर आपल्या हरवलेल्या भावाला शोधतोय, एवढं आम्हाला कळलं आणि झालं! एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं दादानं ओढलं. टर्रकन आवाज आला. आता पाठ सोलून निघणार म्हणून आम्ही दोघं भिंतीला चिकटून उभे राहिलो.

तुम्ही मारलं नाहीत. पुस्तक उचललंत, ट्रॅक्टरच्या सीटखाली टाकलंत आणि उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन कारखान्याला निघून गेलात. पुस्तक गेलं म्हणून मी रडले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर चार पुस्तकं मांडलेली! त्या एकाच कादंबरीचे चार तुकडे. पोती शिवायच्या दाभणानं, सुतळीनं शिवलेले, वरून सिमेंटच्या पिशवीच्या कागदाचं कव्हर, आणि ट्रॅक्टरवर नाव घालायच्या लाल रंगानं एक, दोन, तीन, चार असे आकडे.

"फाटलंच हुतं, म्हनलं नीट फाडू," तुम्ही म्हणालात. "भाग संपला की म्होरच्याला द्यायचा. आन् म्होरं काय झालं ते सांगायचं न्हाय. जो सांगंल त्यानं आठ दिवस गोठा झाडायचा."

त्या दिवसापासून आपल्या घरात शांतता म्हणून राहिली नाही! मी सगळ्यांत आधी, माझ्यामागून दादा, त्याच्यामागून आई आणि सगळ्यांत शेवटी तुम्ही. "तिसरा भाग कुणाकडं हाय?" अशी आरोळी गोठ्यातून, मोटरीवरून, चुलीपुढून, कुठूनही यायची. मी मुद्दाम हळू वाचायचे आणि दादा माझ्या डोक्यावर बसायचा. आईनं एकदा दुसऱ्या भागापायी अख्खी आमटी करपवली. तुम्ही तीच आमटी भुरके मारत खाल्लीत आणि विचारलंत, "व्हय गं, एवढं काय झालं त्या नदीतल्या नावंत?" आईनं पदर तोंडाला लावला. सांगितलं मात्र नाही.

जेवताना तुमचा तो खेळ असायचा. "नंदे, आता काय हुईल गं?" मी पुढं वाचलेलं असायचं, पण बोलायची चोरी. मग तुम्हीच अंदाज करायचात. "मला वाटतंय, डॉक्टरला वाघ खानार." तुमचे अंदाज इतके चुकायचे की आम्हाला हसू आवरायचं नाही. तात्यांपेक्षा आपल्याला जास्त कळतं, हा आनंद काही निराळाच होता. तो मिळवायला मी पुस्तकावर पुस्तकं संपवली.

पुढं घरात येणारं प्रत्येक पुस्तक तुम्ही असंच तुकडे करून शिवलंत. गावातले लोक तुम्हाला हसायचे. शेजारचे भानुदासराव म्हणायचे, "तात्या, लोकं पुस्तकाला पाय लागला तर पाया पडत्यात, आन् तुमी दाभन घालताय?" तुम्ही म्हणायचात, "आवं, माझ्या घरातलं पुस्तक जिमिनीवर राहतंच कवा, पाय लागायला?"

आणि एक गोष्ट, तात्या. तुम्ही आम्हाला "वाच" असं कधीच म्हणाला नाहीत. एकदाही नाही. मला हे आत्ता आत्ता लक्षात आलं. लवकर आलं असतं तर पुढचा सगळा घोळ झाला नसता.

घोळ असा. तुम्ही गेल्यावर मला वाटलं, तात्यांची आठवण नीट जपली पाहिजे. दादाच्या डोक्यात असलं काही येणार नाही, हे मला ठाऊकच होतं. म्हणून दहाव्यानंतर मीच सगळे तुकडे गोळा केले, दोन पोती भरून बारामतीला आणले आणि बाइंडरकडे नेऊन टाकले. त्यानं एक तुकडा उलटसुलट बघून नाक मुरडलं. "ताई, हे कुणी कापलंय वो? सोळा पानांचा एक फर्मा असतोय. फर्मा संपंल तितं कापायचं. ह्यानं पार मधीच कापलंय. काम येत न्हवतं त्या मानसाला." मला इतकी लाज वाटली! वडिलांनी कापलंय हे मी सांगितलंसुद्धा नाही. ही कबुली आज देतेय, रागावू नका.

त्यानं सुतळ्या काढल्या, तुकडे जोडले, लाल रेक्झिन चढवलं. त्या हरवलेल्या भावाच्या पुस्तकाला तर नावच नव्हतं. मग मी त्यावर सोनेरी अक्षरांत तुमचं नाव घालून घेतलं, आधी 'कै.' लावून. हॉलमध्ये काचेचं कपाट केलं. वर्षश्राद्धाला पुस्तकं तुमच्या फोटोपुढं मांडून हळदकुंकू वाहिलं. पाहुण्यांनी वाहवा केली. दादा तेवढा कपाटाकडं बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "नंदे, झ्याक झालंय. पन आता वाचायचं कुनी?" मी त्याला म्हटलं, तुला मेलं कौतुक म्हणून करता येत नाही.

आता जुई. तुमची नात आता दहा वर्षांची आहे. शाळेत हुशार, तोंडानं तिखट, तुम्ही पाहिलीच आहे. तिला वाचनाची गोडी लागावी म्हणून मी काय काय केलं ते ऐका. खिडकीपाशी गाद्यागिरद्या टाकून 'वाचनकोपरा' केला. भिंतीवर तक्ता लावला, रोज दहा पानं, मग अर्धा तास मोबाइल. वाचनालयाचं कार्ड काढलं. वाचून झालं की मी प्रश्न विचारायचे. मुख्य पात्र कोण? तात्पर्य काय? नवे शब्द किती आले? लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढून येते, तशीच घरी येऊन पोरीचंही काढत होते म्हणा ना!

तक्त्यावर बरोबरच्या खुणा पडत होत्या. मी खूश होते. आणि दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी ती सरळ म्हणाली, "आई, मला पुस्तकं आवडत नाहीत. वाचलं की तू परीक्षा घेतेस." मी म्हटलं, बरं, आजोबांच्या कपाटातलं घे, त्यावर काही विचारणार नाही. तर म्हणते, "ते देवघर आहे. तिथलं काही घेतलं की तू हात धुऊन आलीस का विचारतेस."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, तात्या. पोरीवर रागावले म्हणून नाही. आपल्या घरातली एवढी एकच गोष्ट अशी होती की जी मला पुढं द्यायची होती. जमीन दादा बघतो, त्याचं मला काही नाही. पण हे माझ्या हातात होतं आणि माझ्याच हातानं संपतंय असं वाटलं. माझ्यानंतर या घरात कुणी वाचणारच नाही!

दिवाळीला आम्ही निरवांगीला आईकडं गेलो. दुसऱ्याच दिवशी जुई दिसेना. हाका मारल्या, उत्तर नाही. शेवटी बघितलं तर गोठ्याच्या पलीकडं रिकाम्या ट्रॉलीत पालथी पडलेली, पायांवर मुंग्या चढतायत तरी भान नाही, आणि हातात सिमेंटच्या कागदाचं कव्हर. त्यावर लाल रंगात दोनचा आकडा.

भावाच्या पुस्तकाचा दुसरा भाग! हा इथं कसा?

आईला विचारलं, तर ती जराही वरमली नाही. "मी लपवला हुता. तू समदी पुस्तकं बायंडिंगला न्यायची म्हनलीस. ते जाडजूड धोंडं मी पडल्या पडल्या कसं धरू? नावंचा भाग हाय त्यात, मला लागतो. उशाखालीच असतोय." जुईनं तो तिथूनच काढला होता. कुणी दिला नव्हता, कुणी सांगितलं नव्हतं, हात धुतले नव्हते. वर आदल्या भागाचा पत्ता नाही, तरी ती वाचत सुटली होती.

"आजी, नाव उलटते, मग डॉक्टर वाचतो का?"

"मला ठावं हाय. पन सांगायची न्हाय. तुझ्या आज्याचा नियम हाय."

"मामा, तू तरी सांग."

"आन् गोठा कुनी झाडायचा आठ दिस? तिसरा भाग वाच की."

तिसरा भाग आमच्या कपाटात होता, बारामतीला. पोरीनं मला दिवाळीत धड फराळ करू दिला नाही. "आई, आपण कधी निघायचं?" माहेरी आलेल्या बाईला हा प्रश्न!

घरी पोचल्यावर तिनं चपलासुद्धा काढल्या नाहीत. कपाटाची किल्ली घेतली, लाल पुस्तक काढलं, जमिनीवर बसून पानं उलटली आणि माझ्याकडं बघितलं. "आई, यात चौसष्टनंतर एकदम एकशे सत्त्याऐंशी पान आहे." मी म्हटलं, असं कसं होईल? आणि मग डोक्यात उजेड पडला. दुसरा भाग तर आईच्या उशाखाली होता! त्याच्याशिवायच बांधून घेतलं मी, वर सोनेरी अक्षरं घातली, हळदकुंकू वाहिलं, आणि अडीच वर्षांत एकदाही उघडून बघितलं नाही.

"तू हे बांधल्यापासून वाचलंच नाहीस ना?" जुईनं विचारलं. टोमणा नव्हता हो, साधाच प्रश्न होता. म्हणूनच फार लागला.

त्या दिवशी ती तिसरा भाग वाचायला बसली खरी, पण ते पुस्तक मांडीवर ठेवलं की पोटात रुततं, पालथं पडून धरलं की मनगट दुखतं. एक-दोन पानं झाली की ती ते कपाटात ठेवून यायची. असं गेले काही दिवस चाललं होतं. आज सकाळी ती म्हणाली, "आजीकडचं चांगलं होतं. हे नको." मी तशीच उठले, लॅबच्या बॅगेतलं नवं ब्लेड काढलं आणि रेक्झिन कापलं.

आणि आता तुम्हाला पकडलंय मी!

कुठं कापायचं म्हणून मी तुमच्या दाभणाची जुनी भोकं शोधत होते. म्हटलं, चार भाग सारखे असतील. तर छे! पहिला साठ पानांचा, जुईनं आजीकडून आणलेला दुसरा त्याच्या दुप्पट, तिसरा जेमतेम छत्तीस पानांचा. प्रत्येक भागाचं शेवटचं पान वाचलं. पहिला संपतो तिथं डॉक्टर रिकाम्या बंगल्याचं दार ढकलतो आणि आत कंदील जळत असतो. दुसरा संपतो तिथं नाव उलटते. तिसऱ्याच्या शेवटी अनोळखी अक्षरातलं पाकीट येतं आणि तो ते फोडतो. प्रत्येक वेळी नेमकं तिथंच कापलंय! मग मी बाकीची पुस्तकं काढली. सगळीकडं हेच. फर्मा गेला उडत, माणूस कड्याच्या टोकावर उभा केल्याशिवाय तुम्ही दाभण घातलेलं नाही.

म्हणजे तुम्ही आधी सगळं वाचलेलं असायचं. प्रत्येक पुस्तक! मी तिथल्या तिथं आईला फोन लावला. ती हसायला लागली.

"मंग! कारखान्यावर ट्रॅक्टरच्या रांगंत नंबर लागंस्तवर आख्खं वाचून काढायचं. दोन-दोन दिस रांग हलत न्हवती. मला म्हनायचं, पोरांस्नी सांगू नगंस. त्यांच्या मागनं ऱ्हायचंय मला."

"आणि वाघ खाणार, वगैरे?"

"आगं, ते तर घरी येताना ठरवून यायचं, आज काय चुकीचं सांगायचं ते."

तात्या! किती वर्षं फसवलंत आम्हाला?

हसून झालं आणि मग एकदम मला दुसरं काहीतरी आठवलं. ते तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण पत्राला आता बसलेच आहे तर सांगते.

साखरेच्या आजारानं तुमची नजर गेली, तेव्हा मी तुम्हाला गोष्टी वाचून दाखवणारा स्पीकर आणून दिला होता. तुम्ही दोन दिवस ऐकलंत आणि आईला भजनासाठी देऊन टाकलात. "ती बाई लई सरळ वाचतीया," म्हणालात. "मधी थांबत न्हाय. आता काय हुईल म्हनून इचारत न्हाय." मला राग आला होता. चांगल्यातला आणला होता मी. मग तुम्ही म्हणालात, "नंदे, ते भावाचं पुस्तक. चौथा भाग वाचून दाखव की. शेवट इसरलो बघ मी." मी म्हटलं, पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी तपासणी शिबिर निघालं. त्याच्या पुढच्याला जुईला ताप. तुम्ही फोनवर तेच विचारायचात, "कवा येतीस?" आणि एक दिवस लॅबमध्ये बाकावर माणसं बसलेली असताना, हातमोजे घातलेले असताना, फोन खांद्यात धरून मी तुम्हाला दोन वाक्यांत शेवट सांगून टाकला. "तात्या, भाऊ सापडतो. तो नावाडीच असतो." मग म्हणालात, "आसं व्हय! मला वाटलंच न्हवतं गं." आणि हसलात. मी फोन ठेवला. एक काम झालं म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. त्यानंतर पंधरा दिवसांत तुम्ही गेलात.

तुम्हाला शेवट माहीत होता. माझ्याही आधीपासून माहीत होता. विसरला वगैरे काही नव्हतात. तुम्हाला फक्त मी शेजारी बसलेली हवी होते, तासभर. हे मला आज हातात ब्लेड धरून कळलं. माफ करा म्हणून काय उपयोग? तुम्ही तर तेव्हाच त्या "आसं व्हय"मध्ये माफ करून टाकलं होतंत. तुमचा हा स्वभाव मला कधी कधी फार जड जातो.

पण पत्र रडण्यासाठी लिहायला घेतलेलं नाही. पुढं ऐका. मी कापलेले तिन्ही भाग सुतळीनं शिवले. दुसरा शिवलेलाच होता; तो आई सोडायला तयार नव्हती, आल्यावर परत देईन या बोलीवर जुईनं तिच्याकडून मागून आणला होता. टाके वाकडे आलेत, तुम्ही नावं ठेवली असतीत. जुई तिसरा घेऊन पालथी पडली आणि दुपारपर्यंत चौथाही संपवला. मी काही विचारलं नाही. तक्ता तिनं काढला की मी, ते आम्हा दोघींनाही आठवत नाही. आणि तुमचे जावई, ज्यांनी बारावीनंतर पेपरच्या पलीकडं काही वाचलेलं नाही, ते सकाळपासून पहिला भाग घेऊन बाल्कनीत बसले होते. जेवायला तीन हाका माराव्या लागल्या.

ताटावर बसल्यावर ते म्हणाले, "तो रिकाम्या बंगल्यात कंदील कुणी लावला असेल?" मी तोंड उघडणार तेवढ्यात जुईनं टेबलाखालून मला लाथ मारली. मग भाकरी मोडत अगदी साळसूदपणे तिनं बापाला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, बाबा?"

"मला वाटतं, चोर असणार."

तिला सगळं माहीत होतं, तात्या. शेवटापर्यंत. ती जरा वेळ विचार केल्यासारखं करून म्हणाली, "हो ना? मलापण चोरच वाटतोय."

हे तिला कुणी शिकवलं नाही. तुमच्या दाभणाची गोष्ट मी तिला अजून सांगितलेलीही नाही. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले.

तर आता माझं वचन. पुढच्या रविवारी आम्ही तिघंही निरवांगीला येतोय. लॅबमध्ये आजच कळवलंय, शिबिर असो नाहीतर आणखी काही. आईची नजरही हल्ली संध्याकाळी दमते, ती बोलत नाही, पण मला कळतं. मी ओसरीवर तिच्या शेजारी बसून चौथा भाग वाचून दाखवणार आहे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. तिला तो पाठ आहे. तरी मी पानापानाला थांबेन, विचारेन, "आई, आता काय होईल गं?" आणि ती जे काही चुकीचं सांगेल ते ऐकून घेईन, कितीही वेळ लागू दे.

तुमची,
नंदा